क्रियापदाआधी थांबा

सरांनी मला माझ्या नावानं एकदाही हाक मारली नाही. पहिल्या दिवशी जिना चढून वर गेले तेव्हा त्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि विचारलं, "कुठली?"

"वैजापूर."

"बस, वैजापूर. पंख्याखाली बसू नको. तो पडणारंय."

पुढं दोन वर्षं मी वैजापूर होते आणि पंखा काही पडला नाही. माझ्या शेजारी पिशोर बसायचा. त्याचं खरं नाव मला त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर कळलं. भिंतीला टेकून दोघी बहिणी बसायच्या, थोरली फुलंब्री आणि धाकटी फुलंब्री. मध्यंतरी एक पैठणही यायचा. तो यायचा बंद झाल्यावर सर महिनाभर सांगत राहिले, "पैठण सेवा तूर्त बंद आहे."

निवृत्तीआधी सर रेल्वे स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसायचे. सबंध नोकरी एकाच प्रश्नाला उत्तर देण्यात गेली, असं ते म्हणायचे. कधी? "गाडी गेली, गाडी गेलीय, गाडी जातेय, गाडी जाणार होती. ह्या चारांत गल्लत केली की माणसं जिन्यावर पळतात आणि पडतात. मी एकदा केली. एक म्हातारी पळाली." एवढं बोलून ते फळा पुसायला लागायचे. त्या म्हातारीचं पुढं काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारायची आमची हिंमत नव्हती.

वर्ग संभाजीनगरच्या गुलमंडीत होता, एका कापडाच्या दुकानावर. दुकानाच्या मालकांना सगळी गल्ली चाचा म्हणायची. खालून नव्या कापडाच्या खळीचा वास वर यायचा. बाहेर पाटी नव्हती. सर इंग्रजीतली एकच गोष्ट शिकवायचे. काळ. क्रियापदाचा कुठला काळ कधी वापरायचा, एवढंच. निबंध, पत्र, शब्दसंग्रह यांसाठी दुसरीकडं जा, असं ते तोंडावर सांगायचे. "बाकीचं डिक्शनरीत मिळतं. हे नाय मिळत."

आज मी एका ग्रामीण बँकेत अधिकारी आहे. फायलीवर इंग्रजीत शेरा लिहिताना माझं पेन अजूनही क्रियापदाच्या आधी थांबतं. ते थांबणं सरांचं आहे. ज्या माणसानं ते दिलं, त्याच्या जिन्याला मी अकरा महिने टाळलं. का टाळलं आणि पुन्हा कशी चढले, ते सांगायचं आहे.

*

खोलीत दारावरच्या खिळ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत कपडे वाळत घालायची तार ताणलेली होती. दाराकडं होऊन गेलेलं, खिडकीकडं व्हायचं असलेलं, आणि मधोमध एक लाल चिमटा. लाल चिमटा म्हणजे आत्ता. वाक्य कुठलंही असो, आधी मराठीत चिठ्ठीवर लिहायचं, उठून तारेवर योग्य जागी लावायचं आणि मगच इंग्रजीत बोलायचं. "आधी टांगा, मग सांगा," सर म्हणायचे. बाहेरून कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथं पोरं कागदं वाळवतात.

मी गेले तेव्हा मला बारा काळांचा तक्ता पाठ होता. झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवला असता. तरीही बँकेच्या परीक्षेत इंग्रजीनं मला दोनदा मागं ठेवलं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, टोपी चढवून कामाला निघून गेले. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"म्हणून दाखव तक्ता," सर म्हणाले. मी दाखवला. न अडखळता.

"वा. आता सांग, आज यायला उशीर का झाला?"

मला एक वाक्य जमेना. बस बंद पडली होती, मग दुसरी आली, ती भरलेली होती. मराठीत सगळं ओठावर होतं. इंग्रजीत तोंड उघडलं की बाराही रकाने एकदम धावून यायचे.

"म्हणजे टाइमटेबल पाठ आहे," सर म्हणाले, "पण बाई गाडीत बसलेली नाय कधी."

आठवड्याभरात त्यांनी ओळख करून द्यायला सांगितलं. वडलांविषयी दोन वाक्यं आणि स्वतःचा छंद. थोरली फुलंब्री उठली. "माय फादर इज अ बँक ऑफिसर." धाकटी उठली. "माय फादर इज अ बँक ऑफिसर." बहिणीच त्या, सरांनी मान डोलावली. मग पिशोर उठला. त्याचेही वडील बँक ऑफिसर निघाले. मग मी उठले. माझेही.

सर खुर्चीतून उठून माझ्यासमोर आले. "कुठली बँक आहे गं ही? सगळा जिल्हा भरलाय तिथं." मग पिशोरकडं वळून, "खरं सांग. बाप बँकेत आहे?"

"नाय सर. शिवणकाम करतेत."

"पासबुक तरी आहे?"

"पासबुक हाय, सर."

"आणि छंद काय म्हणालास? स्विमिंग? येतं पोहायला?"

"लई नाय, सर. पाय टेकत असले तर येतं."

हसून हसून थोरल्या फुलंब्रीला ठसका लागला. भानगड अशी होती की आम्ही सगळे एकाच गाइडावर वाढलो होतो. त्या गाइडातल्या मुलाचे वडील बँकेत होते, त्याचा छंद पोहणं होता आणि त्याचं आवडतं ठिकाण एक थंड हवेचा डोंगर होता. गावोगावची आमच्यासारखी पोरं त्याच मुलाचा जन्म पाठ करून मुलाखतीला जात होती.

"तुझे वडील काय करतात?" सरांनी मला विचारलं.

"मापाडी आहेत. वैजापूरच्या मोंढ्यात कांदा, मका तोलतात."

"मग ते का नाय सांगितलं?"

"मापाड्याला इंग्रजीत काय म्हणतात माहीत नव्हतं, सर."

हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे लाज. सरांना ते कळलं असणार, पण त्यांनी त्याला हात लावला नाही. "नाव येत नसलं तर काम सांगायचं. ही वेज ओनियन्स, म्हणजे ते कांदे तोलतात. रोजचं काम, रोजचा काळ. आणि आत्ता? ह्या मिनिटाला काय करतायत?"

"कांदाच तोलत असतील."

"असतील? अंदाज नको. फोन लाव. आवाज मोठा ठेव."

मी फोन लावला. पलीकडं मोंढ्याचा गोंगाट.

"काय गं? काय झालं? बरी हायेस ना?"

"बरी हाये, आबा. तुम्ही आत्ता काय करताय?"

"आँ?"

"आत्ता, ह्या घडीला काय करताय?"

आबा जपून म्हणाले, "उभा हाये."

"उभं राहून काय करताय?"

"अगं तुझ्याशी बोलतोय की! डोकं फिरलं का काय तुझं?"

सरांनी इतक्या जोरात टाळी वाजवली की खालून चाचांनी "क्या हुआ?" म्हणून विचारलं. "बरोबर! ही इज टॉकिंग टु मी! तोलतायत म्हणून सांगणार होतीस ना? चूक झाली असती."

"कोण वरडतंय गं?" आबांनी विचारलं.

"सर हायेत."

"मग त्यांला माझा नमस्कार सांग. ठेवू का? काटा खोळंबलाय."

त्या दिवसापासून आबांना एक सवय लागली. कधीही फोन करायचे आणि एवढंच विचारायचे, "आत्ता काय करतीयेस?" बरी आहेस का, जेवलीस का, हे सगळं त्यात येऊन जायचं.

*

सर चिडायचे फार कमी, पण एका चुकीवर हमखास. "आय हॅव कम यस्टरडे" म्हटलं की ते डोळे मिटून घ्यायचे. म्हणायचे, "आपल्याकडं काल आणि आलोय एका ताटात जेवतात. 'मी कालच आलोय' म्हटलं तर कुणी हाकलत नाय. इंग्रजीत यस्टरडे पुढच्या दारानं आला की हॅवनं मागच्या दारानं निघायचं. भांडण नाय, पण एका घरात राहत नायत." पिशोर सारखा "डिड नॉट वेंट" म्हणायचा. त्याला ते मला दाखवून सांगायचे, "हिच्या बापाला विचार. एकच पोतं दोघांच्या पाठीवर देतात का? मागच्या काळाचं ओझं डिडनं घेतलंय. 'गो'ला मोकळं सोड."

पण त्यांची खरी शिकवण एकच होती, थांबण्याची. "मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य पुरं होईपर्यंत माणसाला विचार करायला वेळ मिळतो. इंग्रजीत ते दुसऱ्याच घासाला येतं. म्हणून कर्ता म्हणा आणि थांबा. एक घोट गिळा. तार बघा. मग क्रियापद. लोक बघत राहिले तर बघू द्या, चौकशीच्या खिडकीवर माझ्याकडंही बघायचे." ते स्वतः तसंच बोलायचे, मराठीतसुद्धा. चाचा एकदा म्हणाले होते, "सर को चाय पूछो तो जवाब आते आते चाय थंडी हो जाती."

आणि निघताना. आपल्याकडं जाताना कुणी "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. सरांकडं ते फुकट म्हणता यायचं नाही.

"येते, सर."

"कधी?"

"उद्या."

"लाव."

मग चिठ्ठीवर 'वैजापूर, उद्या' असं लिहून खिडकीच्या बाजूला लावायची आणि दुसऱ्या दिवशी आल्यावर आपल्या हातानं काढून दाराकडं न्यायची. जो आला नाही त्याची चिठ्ठी तिथंच हलत राहायची. सर ती काढत नसत. पैठणची तर पिवळी पडली होती.

तिसऱ्या वेळी मी लेखी परीक्षेत पास झाले. मुलाखतीचं पत्र आलं त्या दिवशी मी खिडकीच्या अगदी शेवटच्या गजाजवळ चिठ्ठी लावली. 'वैजापूर, निकाल लागला की.'

सरांना वाचून समाधान वाटलं नाही. "हा वार नाय."

"निकालाचा वार माहीत नाही ना, सर."

"बरं. राहू दे."

*

मुलाखतीला आठ दिवस उरले आणि मी घाबरले. सरांनी मला कोट घातलेली माणसं समोर बसवून कधी काही विचारलं नव्हतं. शहरात एक मोठी अकादमी होती. थंडगार हॉल, पडद्यावर चित्रं, गळ्यात ओळखपत्रं. तिथं तीन दिवसांची सराव मुलाखत फुकट होती. सरांना न सांगता मी गेले. एक फॉर्म भरला, फोटो चिकटवला, बारीक अक्षरातलं न वाचता सही केली. तीन दिवसांत मला तिथं दार कसं उघडायचं आणि खुर्ची कशी ओढायची ते शिकवलं.

खऱ्या मुलाखतीत पाच जण होते. मधल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, वडील काय करतात? मी "ही" म्हटलं आणि थांबले. एवढी थांबले की कडेच्या साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला. मला तार दिसत होती. मग मी म्हणाले, ही वेज ओनियन्स इन द मार्केट यार्ड. त्यांनी विचारलं, आता इलेक्ट्रॉनिक काटे आलेत, मग मापाड्याला काय काम? मी पुन्हा थांबले. मग सांगितलं की पूर्वी ते तराजू धरायचे, आता आकडा वाचतात, पण शेतकरी अजूनही आकड्याकडं न बघता त्यांच्या तोंडाकडं बघतात. तीन वाक्यं, आणि प्रत्येकाचा काळ बरोबर. बाई हसल्या. बाहेर आल्यावर आतून मोकळं वाटत होतं. काहीही लागो निकाल, मी आबांना बँकेतून काढून मोंढ्यात परत आणलं होतं.

निकाल लागला तेव्हा मी आधी आबांना फोन केला. सरांकडं जायला निघणार तेवढ्यात अकादमीचा फोन आला. मॅडम म्हणाले मला. आयुष्यात पहिल्यांदा. दोन मिनिटं येऊन जा, गाडी पाठवतो. गेले. हार घातला, पेढा भरवला, समोर मोबाइल उभा केला आणि हातात कागद दिला. "मॅडम, एवढं वाचा फक्त." कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं की माझ्या यशाचं संपूर्ण श्रेय या अकादमीला आहे, आणि माझं इंग्रजी इथंच सुधारलं.

मी वाचलं. सरळ, न थांबता.

वाचून झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र जिन्यात आल्यावर गळ्यातला हार काढून हातात घेतला. पुन्हा एकदा मी दुसऱ्याच कुणाचं तरी वाक्य माझं म्हणून बोलले होते. आणि या वेळी गाइडातल्या त्या मुलापुरतं नव्हतं, एका जिवंत माणसाच्या वाट्याचं काढून दुसऱ्याला दिलं होतं.

चार दिवसांनी गुलमंडीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. माझा फोटो दरवाजाएवढा, खाली 'आमचा अभिमान'. सरांच्या खिडकीतून तो कोपरा थेट दिसतो. आबा वैजापूरहून खास तो बघायला आले. फ्लेक्सखाली टोपी नीट करून उभे राहिले, मला म्हणाले काढ फोटो. मग वर बघत, सगळा मजकूर बोटानं वाचत म्हणाले, "आन् ते टाळी वाजवणारे सर? त्यांचा फोटो कुठं हाये ह्यात?"

"ते फोटो लावत नाहीत, आबा."

आबांनी माझ्याकडं बघितलं. काटा बघतात तसं.

त्या दिवशी जिना वीस पावलांवर होता. मी गेले नाही. उद्या जाऊ, असं म्हटलं. मग जालना जिल्ह्यातल्या शाखेत रुजू व्हायचा हुकूम आला. सुटीला संभाजीनगरला यायचे तेव्हा गुलमंडीत काही घ्यायचं असलं तर मागच्या बोळातून जायचे. फ्लेक्स महिन्याभरात उतरला, पण मला तो दिसतच राहिला. शाखेत फायलीवर पेन थांबायचं आणि मला वाटायचं, सरांनी तो व्हिडिओ बघितला असेल का? बघितला असेल तर आता मला वर घेतील का? आबांच्या फोनला मी रोज खरं उत्तर द्यायचे, "शेरा लिहितेय", "पोळ्या करतेय". "सरांना टाळतेय" असं मात्र कधी म्हटलं नाही.

*

अकरा महिन्यांनी भावाचं लग्न ठरलं आणि बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचं कापड घ्यायला, सगळं घर शहरात आलं. दुकान कुठलं यावर आई आणि मावशीचं भांडण चालू असताना आबा म्हणाले, "सरांच्या खालचं. दुसरं नाय." त्यांनी माझ्याकडं बघायचंही टाळलं.

पांढऱ्या गादीवर साड्यांचे ढीग पडले. चाचांनी मला बघितलं आणि हातातली साडी खाली ठेवली. "क्या मॅडम, सालभर मुंडी छुपाको पिछली गल्ली से जाते? हमकू दिखता नै क्या? वो तुम्हारी चिठ्ठी रोज हिलती ऊपर."

"सर काय म्हणतात, चाचा?"

"सर कू पूछो. मैं कपडा बेचता."

आई साडीचा काठ तपासत होती. आबा म्हणाले, "जा."

वर वर्ग चालू होता. सगळी नवी तोंडं. सरांचे केस अजून पांढरे झाले होते. त्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं.

"वैजापूर. पंख्याखाली बसू नको. तो पडणारंय."

माझ्या छातीतला दगड तिथंच निम्मा हलला. मी कडेला बसले. जुन्या काळ्या फळ्याच्या जागी आता मोठा पांढराशुभ्र फळा होता आणि सर त्यावर मार्करनं लिहीत होते. लिहून झालं, ओल्या फडक्यानं पुसलं. मग माझं लक्ष खालच्या कोपऱ्याकडं गेलं. कोपरा थोडा उलटला होता आणि तिथून एक कान दिसत होता. कानात डूल होतं. डूल माझं होतं.

"सर, हे..."

"हां. तूच आहेस. फ्लेक्स उतरवला तेव्हा चाचानं आणला होता, गाठोडी झाकायला. मी म्हटलं, ही आमच्या वर्गातली, हिला गाठोड्यावर कशाला? वर आणली. पाठीमागून चांगली कोरी आहेस. लिहायला बरी पडतेस."

पोरं हसली. मीही हसायला गेले आणि ते मधेच फिसकटलं. सरांनी पोरांना पाच वाक्यं दिली आणि माझ्याजवळ येऊन बसले.

"सर, मी तो व्हिडिओ..."

"बघितला."

"त्यात मी म्हटलं की..."

"ऐकलं मी." ते नेहमीसारखे थांबले. "इंग्रजी बिनचूक होतं. पण तुझं नव्हतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"क्रियापदाआधी थांबली नाहीस कुठं. एकदाही नाय. दोन वर्षं ऐकलंय मी तुला, वैजापूर. तू बोलताना थांबतेस. न थांबता बोललीस म्हणजे वाचत होतीस. माझ्या पोरीनं वाचून दाखवलेलं मी कशाला मनावर घेऊ?"

अकरा महिने मी काय काय वाक्यं जुळवली होती माफीची. एकही लागलं नाही. डोळे पुसले आणि, का कोण जाणे, एकदम विचारलं, "सर, त्या म्हातारीचं काय झालं? गाडी मिळाली तिला?"

"कुठली म्हातारी?"

"तुम्ही चुकीचं सांगितलं होतं. पळाली ती."

"ती होय!" सर हसले. त्यांना असं मोकळं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. "मिळाली की. गाडीच उशिरा आली. फलाटावर बसून भाकर खाल्ली तिनं आणि मग गेली. मी धावत बघायला गेलो, तर मलाच चटणी दिली."

"मग आम्हाला कधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबायला शिकला असता का?"

उठून ते खिडकीपाशी गेले आणि शेवटच्या गजाजवळची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. 'वैजापूर, निकाल लागला की.' अक्षरं माझी होती, पण शाई ताजी होती.

"ऊन येतं तिकडून. शाई उडत होती," सर म्हणाले. "दोनदा गिरवली."

मी ती दाराकडच्या टोकाला नेऊन लावली. एवढ्या हलक्या कागदासाठी मी एवढी कशी दमले होते, कुणास ठाऊक.

"वडील कुठं आहेत?"

"खाली. भावाचा बस्ता आहे."

"आत्ता काय करतायत?"

"साड्या बघत..." मी थांबले. फोन काढला, आवाज मोठा ठेवला. सगळा वर्ग कान देऊन बसला.

"आबा, आत्ता काय करताय?"

पलीकडून धाप ऐकू आली आणि तीच धाप दाराबाहेरूनही ऐकू आली.

"जिना चढतोय," आबा म्हणाले.

सरांनी टाळी वाजवली आणि दाराकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "या, या. पंख्याखाली तेवढं बसू नका."